संस्थापकांच्या मुलाखतींतून धंद्याचे नेमके काय शिकावे?

प्रश्न (दादर): माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. लोकलच्या प्रवासात मी स्टार्टअप संस्थापकांच्या मुलाखती ऐकते. मात्र एक जण गुंतवणूक घेऊन झपाट्याने वाढा म्हणतो, तर दुसरा बाहेरचा पैसा घेऊच नका म्हणतो. लहान व्यावसायिकाने कोणाचे ऐकावे?

उत्तर (ठाणे): ताई, सल्ल्यापेक्षा परिस्थिती टिपावी. 2010 मध्ये सुरू झालेली झिरोधा ही शेअर दलालीची कंपनी बाहेरची गुंतवणूक न घेता वाढली, हे खरे. पण शेअर दलालीत माल साठवावा लागत नाही आणि शुल्क व्यवहारासोबतच वसूल होते. आपल्याला मिरची हंगामात रोखीने घ्यावी लागते आणि दुकानदार मसाला उधारीवर उचलतो, त्यामुळे तो धडा जसाच्या तसा लागू पडणार नाही.

उत्तर (मुलुंड): सहमत. शिवाय बुडालेल्या कंपन्यांच्या संस्थापकांना सहसा कोणी बोलावत नाही, म्हणून मुलाखतींत जिद्दीचे माप जरा जास्तच पडते. मुंबईच्याच ‘नायका’ या सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपनीचे उदाहरण घ्या: फाल्गुनी नायर यांनी गुंतवणूक बँकिंगमधील दीर्घ कारकिर्दीनंतर 2012 मध्ये ती सुरू केली, आणि तो अनुभव व त्या ओळखी मुलाखत ऐकून मिळत नाहीत. 2021 मध्ये शेअर बाजारात येताना कंपनीने दाखल केलेले माहितीपत्रक वाचावे. त्यात ताळेबंद असतो आणि जोखमींचे स्वतंत्र प्रकरणही असते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. जोखमींच्या प्रकरणापासूनच सुरुवात करते.