चिनी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना इंग्लिश शब्द आणि भाषांतर कसं शिकवायचं?

फोंड्याची_टीचर:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला असते, घरून ऑनलाइन इंग्लिश शिकवते. सध्या एक छोटी बॅच आहे, काही मुलं तैवानची काही चीनमधली, सगळी कॉलेजवयाची. आमच्याकडे साडेपाच तेव्हा त्यांच्याकडे आठ वाजतात, दिवसभराचं कॉलेज करून येतात बिचारी आणि तरी होमवर्क चुकवत नाहीत, म्हणून मला मनापासून वाटतं की यांचा वेळ वाया जाता कामा नये.

अडचण अशी की शब्द यांच्याकडे ढीगभर आहेत, अर्थ विचारला की फाडकन सांगतात, पण वाक्य लिहायला दिलं की ‘ओपन द लाइट’, ‘ईट मेडिसिन’, ‘बिग रेन’. शिवाय चीनमधल्या मुलांना सीईटी-फोर म्हणून कॉलेजची इंग्लिश परीक्षा असते, तिच्यात डिसेंबर २०१३ पासून चिनी उताऱ्याचं इंग्लिश करायला येतं, साधारण १४० ते १६० चिनी अक्षरं आणि वेळ अर्धा तास. विषय बहुतेक त्यांचे सण, चहा, कागद कातरायची कला, नवी रेल्वे असले. आता मला चिनी येत नाही, मग भाषांतर शिकवू कसं? कोणी असं शिकवलंय का?

डिचोलीकर:
ताई, चिनी येत नाही याची काळजी सोडा. उलटं भाषांतर करून घ्या, म्हणजे चांगल्या इंग्लिशमधला पाचसहा ओळींचा उतारा द्या, तो त्यांनी चिनीत करायचा, मूळ कागद तुमच्याकडे परत, आणि दोनतीन दिवसांनी स्वतःच्याच चिनीवरून परत इंग्लिश करायचं. मग दोन्ही इंग्लिश शेजारी शेजारी ठेवायची. तपासायला मूळ उतारा आहेच, तुम्हाला चिनीचं एक अक्षर वाचावं लागत नाही. ही पद्धत नवी नाही, सोळाव्या शतकात इंग्लंडात रॉजर ऍस्कम लॅटिन शिकवायला हेच सांगायचा. फक्त एक सांभाळा, मूळ उताऱ्यापेक्षा वेगळं म्हणजे चूक असं नाही, कधी कधी मुलाचं वाक्यही बरोबर असतं, ते त्याला स्पष्ट सांगायचं नाहीतर पोरं उतारा पाठ करायला लागतात.

आता ‘ओपन द लाइट’चं. चिनीत दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं तिन्हीला एकच क्रियापद चालतं. तसंच पुस्तक, टीव्ही, डॉक्टर तिन्ही ‘बघायचे’. औषध ‘खायचं’, सूप ‘प्यायचं’. आणि आपण तरी काय वेगळं करतो, दिवा लावतो, टीव्ही लावतो, गाडी पण सावलीत लावतो. म्हणून सुटा शब्द वहीत लिहूच देऊ नका. ‘मेडिसिन’ असं नाही, ‘टेक मेडिसिन’. ‘रेन’ नाही, ‘हेवी रेन’. जोडीनेच लिहायचं आणि जोडीनेच आठवायचं. कार्डं करत असाल तर पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य आणि त्यात क्रियापदाची जागा रिकामी, मागे क्रियापद. चिनी अर्थ पाहिजे तर कोपऱ्यात बारीक. अंकीसारख्या ऍपमध्ये हे सहज होतं आणि उजळणी कधी करायची ते ऍप बघून घेतं.

आणखी एक, तुम्ही मराठीवाल्या आहात याचा इथे खूप फायदा आहे. ‘मी काल म्हापशाच्या बाजारातून आणलेली मिरची’ असं आपण म्हणतो ना, चिनीतही सगळं वर्णन आधी आणि मिरची शेवटी. इंग्लिशमध्ये मिरची पुढे येणार आणि बाकी शेपूट मागे. तेव्हा लांब वाक्य दिसलं की पहिल्यांदा मुख्य नाम शोधून त्याच्याभोवती गोल करायला लावा, नंतर कोणी काय केलं ते, आणि वर्णन सगळ्यात शेवटी चिकटवायचं. जरी-तरीचं पण तेच. त्यांच्यात पण दोन्ही टोकांना शब्द लागतो, इंग्लिशमध्ये एकच, म्हणून ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ येतं, आणि ‘बिकॉज’ लिहून पुढे ‘सो’. आमच्या मराठी मिडियमच्या पोरांच्या वह्यांत हेच असतं, तुम्ही बघितलं असेलच.

हडफडेकर:
मी थोडं वेगळं म्हणतो. भाषांतर-बिषांतर नंतर, आधी वाचन वाढवा. चीनमध्ये शब्दांची पुस्तकं एबीसीडीच्या क्रमाने असतात, सुरुवातीलाच ‘ऍबॅन्डन’, आणि बरीच पोरं त्या पहिल्या पानावरच अडकतात, तिकडे हा सगळ्यांना माहीत असलेला प्रकार आहे. यादी लागतेच तर किती वेळा येणारा शब्द आहे त्यावरून केलेली घ्या. मायकल वेस्टची १९५३ची सुमारे २००० शब्दांची यादी, आणि कॉलेजच्या अभ्यासासाठी एव्हरिल कॉक्सहेडने २००० साली केलेली ५७० शब्दकुळांची (म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) यादी, या दोन पक्क्या झाल्या की साधा लेख बऱ्यापैकी कळायला लागतो. पण कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा पेपर आरामात वाचायचा तर शब्दसंग्रहाचा अभ्यास करणाऱ्या पॉल नेशनच्या हिशोबाने ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात, आणि तेवढी यादीने कोणीच पाठ करू शकत नाही. ती वाचूनच येतात. सोप्या केलेल्या गोष्टींची पुस्तकं द्या, आठवड्याला एक.

फोंड्याची_टीचर:
हडफडेकर, वाचन पाहिजेच, पटलं. पण परीक्षेत अर्ध्या तासाचा उतारा समोर आहे आणि १५ टक्के गुण त्याला आहेत, त्यामुळे भाषांतर मागे ठेवून चालणार नाही, दोन्ही बरोबर चालवते. डिचोलीकर, देव बरें करूं, मिरचीवालं वाक्य उद्याच वापरते.

आता अजून दोन शंका. सणांचे, खाण्याचे शब्द कसे हाताळू? त्यांच्या शरदातल्या पौर्णिमेच्या सणावर उतारा दिला तर पोरं शब्दकोशातला जवळचा शब्द उचलून कसाबसा बसवतात. आणि आकड्यांत खूप घोळ होतो, लोकसंख्या आली की कोणाचं एक शून्य जास्त कोणाचं कमी.

पाटो_वाचक:
मी भाषांतराचीच कामं करतो (मराठी-इंग्लिश, थोडं पोर्तुगीज), म्हणून सांगतो. सणाच्या शब्दाला इंग्लिश जोडीदार शोधत बसायचंच नाही. समजा तुम्हाला चवथीची माटोळी इंग्लिशमध्ये सांगायची आहे. ‘डेकोरेशन’ लिहिलंत तर सगळं गेलं. ‘माटोळी’ तसाच ठेवायचा आणि लगेच मागे एक छोटा तुकडा, गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला रानातली फळं, पानं, सुपारीचे घोस बांधलेले. बस. त्यांच्या सणाच्या लाडवासारख्या गोल पक्वान्नाला ‘मूनकेक’ हे नाव इंग्लिशमध्ये रुळलेलं आहे, ते वापरायचं, पण जे रुळलेलं नाही तिथे नाव अधिक तुकडा. वर्गात पहिल्यांदा तुम्ही माटोळीचं करून दाखवा, मग त्यांनी त्यांच्या घरच्या एखाद्या पदार्थाचं करायचं. पोरं रंगतात यात, कारण सांगायला त्यांच्याकडे खरंच काहीतरी असतं. आणि उलट्या दिशेने फसवणारे शब्द पण दाखवा, आपल्या कोऱ्या चहाला इंग्लिश ‘ब्लॅक टी’ म्हणतात, चिनीत तो ‘लाल चहा’ आहे, रंग उचलून ठेवला की चूक.

तैवानची आणि चीनची मुलं एका गटात बसवलीत तर लिपी वेगळी हे लक्षात ठेवा, तैवानला जुनी पूर्ण अक्षरं आणि चीनमध्ये सोपी केलेली. एकमेकांचं बहुतेक वाचतात पण शब्द थोडे बदलतात, तेव्हा उताऱ्याची अदलाबदल करताना पाच मिनिटं जास्त धरा.

आकडे. त्यांच्यात दहा हजाराला ‘वान’ आणि दहा कोटीला ‘यी’, म्हणजे चार चार शून्यांनी मोजतात. इंग्लिश तीन तीन शून्यांनी. आपण हजारानंतर दोन दोन. म्हणून शब्दावरून शब्दावर उडी मारायला गेलं की शून्य हरवतं. आधी पूर्ण आकडा लिहायला लावा, १४ यी म्हणजे १४ वर आठ शून्यं. मग उजवीकडून तीन तीनवर स्वल्पविराम, आणि मगच वाचायचं, १.४ बिलियन. तुम्ही स्वतः पडताळणार तर १४० कोटी. १ मिलियन म्हणजे १०० वान म्हणजे आपले १० लाख, एवढं एक पाठ असलं तरी पुरे. रोज तासाच्या सुरुवातीला तीन आकडे बोलून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

डिचोलीकर:
पाटो_वाचक यांनी आकड्यांचं मस्त सांगितलं. ताई, अजून एक राहिलं. त्यांच्या बोलण्यात तो, ती, ते तिन्हीला ‘था’ असाच उच्चार आहे, लिहिताना अक्षर वेगळं. म्हणून बोलताना ‘ही’ आणि ‘शी’ची गल्लत हुशार मुलं पण करतात. मध्येच अडवू नका, बोलणं तुटतं. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करायला सांगा आणि त्यांनीच ऐकून खुणा करायच्या. भूतकाळाचं पण असंच, क्रियापदाचं रूप चिनीत बदलतच नाही, ‘काल’ म्हटलं की काम झालं, त्यामुळे लिहून झाल्यावर शेवटची एक फेरी फक्त क्रियापदांवरून बोट फिरवायची. अर्ध्या तासातली पाच मिनिटं त्याला राखून ठेवा.

फोंड्याची_टीचर:
लिहून घेतलं सगळं. उलट्या भाषांतराला पहिला उतारा कुठला देऊ हे अजून ठरत नाहीये, मांडवीवरच्या फेरीबोटीवर मीच पाचसहा ओळी लिहिते, लांब वर्णनाची दोन वाक्यं आणि एक मोठा आकडा मुद्दाम घालून. तयार झाला की इथे टाकते, कोणाला वर्गात वापरायचा तर खुशाल वापरा.