मदत हवी आहे: आबांचं जुनं मेंडोलिन, तबली (वरची लाकडी फळी) तासू की नको?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. आमच्या आबांचं मेंडोलिन वीसेक वर्षं माळ्यावर पडून होतं. भजनी मंडळात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते वाजवायचे. या उन्हाळ्यात मी ते खाली काढलं, पुसलं, तारा चढवल्या, आणि आवाज ऐकून जीव खट्टू झाला. पत्र्याच्या डब्यासारखा किनरा, छेडला की लगेच विझणारा. आबांच्या हातात ते असं वाजत नव्हतं, हे मला पक्कं आठवतंय.

वाद्य सपाट पाठीचं, लंबगोल तोंडाचं. लेबल उंदरांनी खाल्लंय. आठ तारा, चार जोड्या, व्हायोलिनसारख्या जी-डी-ए-ई. तारांची लांबी ३५ सेंमीच्या जरा वर. बाराव्या पडद्यावर तारा ३.५ मिमी उचललेल्या आहेत, बोटं दुखतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या एका पायाखालून पोस्टकार्ड आरपार जातं. तोंड आणि घोडीच्या मधे तबली किंचित खचलीय. मोजपट्टी आडवी धरली की खालून उजेड दिसतो.

दुकानात सांगितलं, तबली आतून तासून पातळ करा, आवाज खुलेल. मिरजेचे एक सतार बनवणारे कारागीर म्हणाले, "ताई, हाडाची रुंद घोडी घालून जवारी काढून देतो की." त्यांचा हात मी पाहिलाय, फार सुंदर आहे. पण सतारीची जवारी, म्हणजे तो झंकार, मेंडोलिनला शोभेल का? आणि तासलेलं लाकूड काही परत येत नाही. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच आठ तारांवर राग वाजवले. आबा ते रेडिओला कान लावून ऐकत. म्हणून वाद्याचा मूळ जीव मला घालवायचा नाही.

तारा गिटारच्या सेटमधल्या आहेत, खालचा मणी पकडीनं फोडून अडकवल्यात. ई ची तार ०.०१२ इंची आहे.

प्रतिसाद

ताई, आधी आज रात्रीच तारा सैल करा. मेंडोलिनच्या हलक्या सेटचा ताणसुद्धा सत्तर किलोच्या आसपास जातो, तुमच्या तारा त्याहून जाड. खचलेल्या तबलीवर एवढा भार नको. ई साठी ०.०१० ची तार पुरे, जुन्या नाजूक वाद्याला ०.००९ सुद्धा.

तबली तासू नका. ती आधीच वाकलीय, पातळ केली तर बसेलच. तबलीला आतून आधार देणारी आडवी लाकडी पट्टी असते. ती सुटली की तबली खचते आणि आवाजही पोकळ होतो. छोटा आरसा आणि मोबाईलचा उजेड आत घालून पाहा, बोटानं हलकं ठोकून खरखर येते का ऐका.

जवारीही नको. सतारीची घोडी रुंद असते, तार तिच्यावर घासत झंकारते, म्हणून ती जवारी. मेंडोलिनची तार घोडीच्या धारेवरून स्वच्छ सुटायला हवी, नाहीतर आठही तारा भणभणतील. घोडी चिकटवायची नसते, तारांच्या दाबानंच बसते. तबलीवर पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवा आणि घोडी त्यावर घासा, म्हणजे पाय तबलीच्या आकाराला येतील. मग घोडी पुढेमागे सरकवून बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर एक करा. निम्मा आवाज इथेच परत येतो. पण आधी पट्टी.

धागाकर्ती

तारा सैल केल्या. आरशात पाहिलं, पट्टीचं एक टोक खरंच सुटलंय, फटीत कागद जातो. तबलीला हात लावायचा नाही, हे ठरलं. आता दोनच प्रश्न. आमच्या गल्लीतले सुतारकाका म्हणतात फेविकॉल लावतो. मला वाटतं सरस बरा, उद्या कुणाला खोलायचं झालं तर ऊब आणि ओल देऊन सुटतो. बरोबर ना? आणि बाहेर पावसाची झड लागलीय, लाकूड फुगलेलं असणार. पट्टी आत्ताच चिकटवू, की गणपती होईपर्यंत थांबू?