घाटात हेल्मेटवरचा कॅमेरा बंद पडतो

प्रश्न: मे महिन्यात चाळीसगावकडून सायकलने कन्नड घाट चढताना हेल्मेटवरचा कॅमेरा तापून बंद पडतो, चित्रणही हलतं. काय करावं?

उत्तर १: भाऊ, बरेच ॲक्शन कॅमेरे ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात, आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार. त्यात चढावर सायकलचा वेग ताशी ८-१० किमी, वाराच लागत नाही. ४के (जास्त बारकाव्याचं चित्रण), सेकंदाला ६० फ्रेम सोडा; १०८०पी (कमी बारकाव्याचं), सेकंदाला ३० फ्रेम ठेवा. वायफाय, जीपीएस बंद. पहाटेच घाट गाठा.

उत्तर २: चित्रण हलण्याचं मूळ माउंटमध्ये, म्हणजे कॅमेरा हेल्मेटला बसवायच्या जोडणीत. भोकांच्या हेल्मेटवर चिकटपट्टीला सपाट जागा मिळत नाही, उन्हात गोंदही सुटतो. भोकांतून ओवायचा पट्टा घ्या. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवा. हेल्मेट डुललं की चित्र डुललंच.

उत्तर ३: कॅमेरा हेल्मेटच्या माथ्यावर उंच लावू नका, बाभळीच्या फांदीत अडकतो. शक्यतो हँडलवरच लावा, डोक्यावर वजन नको.