मदत हवी आहे: 'माय फेव्हरिट ब्रुनेट' दाखवण्यापूर्वी प्रेक्षकांना किती सांगावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात हॉलिवूडचा विनोदी नट बॉब होप याचा 'माय फेव्हरिट ब्रुनेट' हा १९४७ सालचा कृष्णधवल चित्रपट दाखवायचा आहे आणि त्याआधीचे छोटेसे प्रास्ताविक माझ्याकडे आले आहे. आमचे बहुतेक प्रेक्षक मराठी-हिंदी चित्रपटांवर पोसलेले, चोखंदळ ज्येष्ठ रसिक आहेत. मात्र हॉलिवूडच्या त्या काळातील गुप्तहेरपटांशी त्यांचा फारसा परिचय नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॉनी जॅक्सन (बॉब होप) हा सॅन फ्रान्सिस्कोत लहान मुलांची छायाचित्रे काढणारा, पण गुप्तहेर होण्याचा ध्यास घेतलेला माणूस. शेजारच्या कचेरीतील खरा गुप्तहेर बाहेरगावी जातो, त्याच्या खुर्चीत रॉनी बसलेला असताना नायिका डोरोथी लामूर मदत मागायला येते आणि तोच गुप्तहेर आहे असे समजून काम त्याच्यावर सोपवते. पुढे ज्या खुनाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तो खून त्याच्या माथी मारला जातो. हे सगळे तो सॅन क्वेंटिन तुरुंगात, मृत्युदंडाची वेळ जवळ आलेली असताना, वार्ताहरांना सांगतो. नायक कुठे पोहोचणार हे पहिल्याच प्रसंगात कळूनही हसू थांबत नाही, ही या पटकथेची मला सर्वाधिक भावलेली गोष्ट आहे. एके ठिकाणी तर या हौशी गुप्तहेराला धागा मिळावा म्हणून खलनायकाच्या हस्तकालाच तो त्याच्यासमोर पेरून ठेवावा लागतो, आणि तो हस्तक म्हणजे खलभूमिकांसाठी गाजलेला नट पीटर लॉरे!

माझी अडचण ओळखीच्या चेहऱ्यांची आहे. शेजारचा गुप्तहेर म्हणून घडीभर दिसणारा ॲलन लॅड त्या काळी अशाच कणखर भूमिकांसाठी प्रसिद्ध होता. तो सुरुवातीलाच येतो, तेव्हा त्याच्याविषयी आधी सांगायला हरकत नसावी. खरा पेच शेवटाचा आहे. रॉनीची सुटका झाल्यामुळे हिरमुसलेला, मृत्युदंड अमलात आणणारा माणूस म्हणजे गायक-नट बिंग क्रॉस्बी, होपचा पडद्यावरचा जुना जोडीदार, आणि हा कुठलीही भूमिका घेतो असा शेरा होप त्याच्यावर मारतो. क्रॉस्बी कोण हे ठाऊक नसेल तर हा विनोद वाया जातो, आणि आधी सांगून टाकले तर त्यातली गंमत निघून जाते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. शिवाय या चित्रपटाच्या प्रदर्शनासाठी हक्कांची परवानगी लागते का, तेही सांगावे.

प्रतिसाद

क्रॉस्बी या चित्रपटात आहे हे अजिबात सांगू नका, पण त्याची ओळख मात्र जरूर करून द्या. होप, क्रॉस्बी आणि लामूर हे त्रिकूट 'रोड टू…' या विनोदी चित्रमालिकेतील पहिल्या 'रोड टू सिंगापूर'पासून, म्हणजे १९४० पासून, प्रेक्षकांच्या लाडाचे होते. लामूरविषयी बोलताना ओघात त्या चित्रमालिकेचा उल्लेख करून तिघांचे एकत्र छायाचित्र पडद्यावर निवांत दाखवावे आणि लगेच पीटर लॉरेकडे वळावे. चेहरा लक्षात राहिला की शेवटी प्रेक्षक स्वतःच ओळखतील, आणि तो आनंद त्यांचाच राहील.

दुसरे असे की तुमच्या रसिकांनी १९८३ सालचा 'जाने भी दो यारो' नक्कीच पाहिलेला असेल. तिथेही छायाचित्रकारच खुनाच्या मागावर निघतात आणि निरपराध असून शिक्षा भोगतात. फरक इतकाच की तिथे जो शेवट आहे तिथून हा चित्रपट सुरू होतो. हा धागा दिलात तर गुप्तहेरपटांच्या परंपरेवर लांबलचक बोलावे लागणार नाही.

हक्कांचे म्हणाल तर अमेरिकेत तेव्हाच्या कायद्याप्रमाणे २८ वर्षांनंतर करावे लागणारे हक्कांचे नूतनीकरण या चित्रपटाच्या बाबतीत झालेच नाही, त्यामुळे तो तिथे सार्वजनिक मालकीचा आहे. भारतीय कायद्यातील चित्रपटांसाठीची ६० वर्षांची मुदतही २००७ अखेर उलटली आहे. प्रत निवडताना मात्र जपून राहा, कारण हक्कमुक्त असल्याने त्याच्या धूसर नकला भरपूर फिरतात. तुरुंगातील पहिला आणि शेवटचा प्रसंग आधी मोठ्या पडद्यावर लावून पाहा. क्रॉस्बीचा चेहरा स्पष्ट दिसला नाही, तर ती प्रत बदला.