पोर्तुगालचं खरं वळण कोणतं, १९७४ की १९७५?

माडाखालची
गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ही पोर्तुगीजांपासून मुक्तीची तारीख सगळ्यांना पाठ. २५ एप्रिल १९७४ विचारली तर बहुतेकजण गप्प. त्या दिवशी लिस्बनमध्ये सैन्यातल्या कप्तानांनी चिलखती गाड्या रस्त्यावर आणल्या आणि हुकूमशहा सालाझारने उभी केलेली राजवट संध्याकाळपर्यंत कोसळली. घराबाहेर पडू नका, असं रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगत होते. लोकांनी ऐकलं नाही. सेलेस्ते कायरो ही एका उपाहारगृहात कामाला होती. एका सैनिकाने तिच्याकडे सिगरेट मागितली. सिगरेट नव्हती, म्हणून तिने हातातलं कार्नेशनचं फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवलं. माझ्या मते देश वळला तो याच वर्षी.

खडू-फळा
ताई, फुलाची गोष्ट मलाही आवडते, पण ती बरंच काही झाकते. कप्तानांची पहिली तक्रार बढतीची होती. सत्ता गेली ती स्पिनोलाकडे, म्हणजे आफ्रिकेतल्या गिनी या वसाहतीचं गव्हर्नरपद भोगलेल्या जनरलकडे! दीड वर्षात सहा हंगामी सरकारं आली. मार्च १९७५ मध्ये स्पिनोलाच्या बाजूच्यांचं बंड फसलं आणि लगोलग बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. दक्षिणेकडच्या अलेन्तेजो प्रांतात शेतमजुरांनी मोठ्या जमिनी ताब्यात घेतल्या. २५ नोव्हेंबरला डाव्या सैनिकांचा उठाव मोडला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. १९७५च.

माडाखालची
बढतीचं मान्य. पण अंगोला या आफ्रिकेतल्या वसाहतीत १९६१ पासून युद्ध चालू होतं, पोरं तिकडे मरत होती. निव्वळ बढतीसाठी कुणी सरकार उलथवत नाही. आणि लिस्बनजवळचा काशियासचा तुरुंग कसा विसरता? गोवा मुक्तीसाठी लढलेले आपले सांगलीचे मोहन रानडे १९६९ पर्यंत तिथेच होते. क्रांतीनंतर दोन दिवसांत तिथले राजकीय कैदी बाहेर आले.

दोनापावल
भर घालतो. गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केलं तेही ३१ डिसेंबर १९७४ ला, दिल्लीतल्या करारात. मारिओ सोआरेश परराष्ट्रमंत्री होते. जे सालाझारने मरेपर्यंत मानलं नाही, ते या सरकारने आठ महिन्यांत मानलं.

खडू-फळा
गोव्याचं ठीक, मग पूर्व तिमोर ही आशियातली वसाहत? पोर्तुगीज निघून गेले आणि डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. अंगोलात तर स्वातंत्र्याबरोबर यादवी. लिस्बनचा आनंद सांगताना हेही सांगा.

माडाखालची
सांगायलाच हवं. तिमोरचा विचार आला की माझ्याही पोटात कालवतं, आणि तो दोष मी १९७४ च्या पदरातून काढत नाही. पण कप्तानांनी पहिल्याच दिवसांत शब्द दिला होता, वर्षाच्या आत संविधान सभेची निवडणूक. नोव्हेंबर १९७४ मध्ये कायदा झाला, अठरा वर्षांवरच्यांना मत, लिहिता-वाचता येवो न येवो. आणि मतदान झालं बरोबर २५ एप्रिल १९७५ ला. शंभरातले नव्वदाहून जास्त मतदार आले. तुमच्या १९७५ मधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा दिवस हाच, आणि त्याची तारीख १९७४ ने ठरवली होती.

खडू-फळा
मतदानाचं पटलं. नोव्हेंबरचं मात्र मी सोडत नाही. तो उठाव जिंकला असता, तर त्या मतांचं काय झालं असतं?