अण्णांना भिंतीवर छापील अक्षरं दिसतात

पेठेतली_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न वडिलांबद्दल आहे, जरा लांबण लागेल.

अण्णा ८१ वर्षांचे. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात उभी हयात गेली. आता दोन्ही डोळ्यांत कोरडं मॅक्युलर डिजनरेशन आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, मधली नजर जवळजवळ गेलीय. बाकी एकदम खणखणीत. दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब तोंडी करतात आणि त्याला चूकही दाखवतात.

दिवाळीपासून त्यांना माणसं दिसायला लागलीत. तिन्हीसांजेला, दिवे लावायच्या आधी. ओट्यापाशी जरीच्या टोप्या घातलेली गुडघ्याएवढी मुलं ओळीनं उभी. बोलत नाहीत, अण्णांकडे बघतही नाहीत. आणि बाल्कनीच्या भिंतीवर छापील मजकूर! परवा म्हणाले, "टाइप सुबक आहे गं, काना-मात्रा जागच्या जागी. पण एक शब्द लागेल तर शपथ."

हे खरं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. उलट मलाच सांगतात, घाबरू नकोस, नाहीयेत ती. आईला मात्र सांगायचं नाही अशी ताकीद आहे, कारण तिच्याकडून आत्याला कळेल आणि आत्या लिंबू-मिरची घेऊन हजर होईल.

नेहमीच्या डॉक्टरांनी 'वयोमान' म्हणून विषय संपवला. पण ज्याला समोरच्याचं नाक दिसत नाही त्याला टोपीची जर दिसते कशी? वेड लागण्याची ही सुरुवात तर नाही ना?

वाड्यातला_भाडेकरू

आमच्या आजीलाही मोतीबिंदू पिकल्यावर अंगणात बायका दिसायच्या. घरात सगळे म्हणायचे, पितर आलेत. अमावास्येला दहीभात ठेवायचो. तुमची आत्या एकटी नाही एवढंच सांगतो.

पडद्यामागची

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासते. लो व्हिजनचे, म्हणजे चष्म्यानंही न सुधारणाऱ्या अधू नजरेचे पेशंट बघते. ताई, आधी धीर धरा. तुम्ही लिहिलंय ते चार्ल्स बॉने सिंड्रोमशी तंतोतंत जुळतं, म्हणजे नजर अधू झाल्यावर नसलेल्या गोष्टी दिसणं. छोटी माणसं, टोप्या, नटवे पोशाख, विटांची नक्षी, न लागणारी अक्षरं, आवाज अजिबात नाही, आणि 'हे खरं नाही' याची जाण शाबूत. बॉने हे स्विस निसर्गअभ्यासक. त्यांच्या नव्वदीला टेकलेल्या आजोबांची नजर मोतीबिंदूनं अधू झाली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. ते बॉनेंनी १७६० साली लिहून ठेवलं. आजोबांचं डोकं ठिकाणावर होतं, अण्णांचंही आहे.

आता टोपीची जर दिसते कशी, ते सांगते. आपण धरून चालतो की डोळा फोटो काढतो आणि मेंदू तो बघतो. प्रत्यक्षात मेंदू समोर काय असेल याचा अंदाज आधीच बांधून बसलेला असतो, डोळ्याकडून येतं ते बरंचसं त्या अंदाजाची दुरुस्ती करायला. डोळ्याकडून मेंदूच्या वरच्या भागांकडे जाताना थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका भागात, एक ठाणं लागतं. तिथल्या पेशींवरच्या जोडण्यांपैकी डोळ्याकडून आलेल्या जेमतेम दहा टक्क्यांच्या आतबाहेर, मेंदूच्या वरच्या भागांतून खाली उतरलेल्या त्याहून कितीतरी जास्त!

हे तुमच्या अण्णांइतकं कुणाला कळणार? आपण ओळ वाचतो तेव्हा अपेक्षित शब्दच वाचतो, म्हणून 'पुस्तक'चं 'पुस्कत' झालेलं नजरेतून निसटतं. मुद्रितशोधकाची सगळी नोकरी म्हणजे स्वतःच्या मेंदूच्या अंदाजाशी भांडण. आता पडद्याकडून दुरुस्त्या येणं थांबलंय आणि अंदाज बांधणारा भाग रिकामा बसायला तयार नाही. उलट माल येईना म्हटल्यावर त्या पेशी जास्तच चाळवतात. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी अशा पेशंटांचे मेंदू स्कॅन केले. रंग दिसत असताना रंगाचा भाग जागा, चेहरे दिसत असताना चेहऱ्यांचा. धडधाकट माणसालाही हे चुकत नाही. २००४ सालच्या एका अभ्यासात डोळस, निरोगी अशा १३ जणांच्या डोळ्यांवर काही दिवस पट्टी बांधून ठेवली, त्यातल्या १० जणांना काही ना काही दिसलंच.

खवचट_कोथरूडकर

मेंदू अंदाज बांधतो वगैरे ऐकायला झकास. पण मला समोर मेट्रोचा खांब दिसतो तो तिथे खांब आहे म्हणून. अंदाजावर स्कूटर चालवली असती तर कर्वे रोडला कधीच आडवा झालो असतो.

पडद्यामागची

खांब आहेच हो काका, आणि अंदाज चुकला तर तुमचे डोळे लगेच तो खोडतात, म्हणूनच उभे आहात. पण एक करून बघा, स्कूटरवरून उतरून. डावा डोळा मिटा. दोन्ही अंगठे हातभर लांब, शेजारी शेजारी धरा. उजव्या डोळ्यानं फक्त डाव्या अंगठ्याकडे बघत राहा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे न्या. वीतभर जायच्या आत त्याचं टोक गायब होईल. पडद्यातून नस बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. आता बघा तिथे काय दिसतंय. काळं भोक? नाही, मागच्या भिंतीचा रंग. तो कुणी भरला?

खवचट_कोथरूडकर

गेला अंगठा. बायकोचाही गेला. पुढे बोला.

पेठेतली_लेक

काय लिहू, अण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. 'स्वतःच्या अंदाजाशी भांडण' यावर खूष झाले. म्हणाले, म्हणूनच छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रुफावर बोट ठेवायचा. आता औषध काय? आणि हे थांबेल का?

पडद्यामागची

खास असं औषध नाही. बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं, पण कित्येकांचं वर्षानुवर्षं रेंगाळतं. मंद उजेडात आणि माणूस नुसता बसून असला की जास्त होतं, तेव्हा दिवे तिन्हीसांजेच्या आधीच लावा, ओट्यावर चांगला पांढरा दिवा बसवा. मुलं दिसली की नजर भराभर डावीकडे-उजवीकडे फिरवायची, डोळे मिचकवायचे किंवा उठून त्यांच्याकडे चालत जायचं.

दुसरं, त्यांना कडेनं बघायला शिकवा. मधला भाग गेला तरी आजूबाजूचा पडदा शाबूत असतो. सरावानं मेंदू कडेची एखादी जागा पक्की करतो, आणि काही जणांच्या बाबतीत पुढे तिलाच 'मध्य' धरून डोळे हलवायला लागतो. ८१व्या वर्षीसुद्धा! मग भिंगातून मोठी अक्षरं लागू शकतात.

मात्र ती मुलं खरी वाटायला लागली, आवाज आले, विसरभोळेपणा वाढला, चाल मंदावली किंवा हात थरथरायला लागले तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, तो वेगळा प्रकार असू शकतो. नवीन गोळी चालू झाल्यावर किंवा ताप, लघवीचा संसर्ग असताना एकदम सुरू झालं तरी वाट बघू नका.

आईंना सांगून टाका. दडवून ठेवणारेच पेशंट जास्त झुरतात. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घेताना 'लो व्हिजनसाठी यायचंय' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'नंबर तपासायचाय' म्हणालात तर पाच मिनिटांत नवा चष्मा हातात देऊन वाटेला लावतील.