शब्दचर्चा: ‘बस स्पीड’ आणि ‘मल्टिप्लायर’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

जुने संगणक चालते ठेवणाऱ्यांसाठी मी मराठीत एक माहितीपुस्तिका लिहीत असून सॉकेट ७ (पेंटियमसारखे प्रोसेसर बसवण्याची खोबणी) असलेल्या मदरबोर्डावरील जम्परांच्या (पिना जोडून मांडणी ठरवणाऱ्या छोट्या टोप्यांच्या) तक्त्यापाशी अडलो आहे. बस म्हणजे प्रोसेसर व इतर भाग जोडणाऱ्या सामायिक तारा; तिच्या मेगाहर्ट्झना मल्टिप्लायरने गुणले की प्रोसेसरचे मेगाहर्ट्झ मिळतात. तक्त्यातील या दोन रकान्यांना मी ‘बसचा वेग’ आणि ‘गुणांक’ अशी नावे दिली होती. परंतु ‘गुणांक’ वाचून एका विद्यार्थ्याने हे प्रोसेसरला चाचणीत मिळालेले गुण आहेत का, असे विचारले. दुसरी अडचण याहून मोठी आहे. पेंटियम एमएमएक्स २३३ बसवताना बोर्डावर १.५ असे छापलेल्या जागी जम्पर लावावा लागतो. बसच्या ६६ मेगाहर्ट्झची दीडपट २३३ कशी होते, हे वाचकाला कोणत्या शब्दांत सांगावे?

उत्तर

‘गुणांक’ सोडून द्यावा. गुण्य, गुणक आणि गुणाकार हे तीन शब्द आपण शाळेतच शिकलेले असतो आणि ते येथे चपखल बसतात: बसचे ६६ मेगाहर्ट्झ हे गुण्य, जम्परने ठरतो तो गुणक आणि प्रोसेसर ज्यावर चालतो तो गुणाकार. रकान्याच्या मथळ्यासाठी ‘गुणक’ योग्य आहे. मात्र वाक्यात ‘पट’ वापरावे, असा माझा आग्रह आहे. पेंटियम १०० बसच्या दीडपट चालतो, १३३ दुप्पट, १६६ अडीचपट आणि २०० तिप्पट. अपूर्णांकातील पटींसाठी आपल्याकडे दीडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढेच होते, आणि औट म्हणजे साडेतीन. एमएमएक्स २३३ हा औटकीतला प्रोसेसर आहे. (६६ ची दीडपट ९९ येते, १०० नव्हे, ही शंका वाचक काढेलच, बसची खरी संख्या ६६.६६ च्या आसपास असते, हे तळटीपेत सांगावे.)

आता छापलेल्या १.५ विषयी. गुणक कळवण्यासाठी या प्रोसेसरला दोनच पिना आहेत. दोन पिनांच्या जोडण्या चारच होतात आणि त्या दीड, दोन, अडीच व तीन यांनी आधीच अडवलेल्या होत्या. साडेतीनसाठी जागा उरली नाही, म्हणून एमएमएक्स प्रोसेसर दीडची जोडणीच साडेतीन म्हणून वाचतो. एएमडीच्या नंतरच्या के६-२ प्रोसेसरांत दोनची जोडणी अशीच सहा म्हणून वाचली जाते. त्यामुळे बोर्डावरील आकडा हा गुणक नसून जोडणीची खूण आहे, आणि पुस्तिकेत ‘छापील खूण’ व ‘प्रत्यक्ष गुणक’ असे दोन स्वतंत्र रकाने असावेत.

प्रश्नकर्ता

हे पटले. ‘बसचा वेग’ मात्र ठेवू का?

उत्तर

‘वेग’ येथे घात करतो, ‘वारंवारता’ म्हणावे. सॉकेट ७ पुरते पाहिले तर दोहोंत फरक जाणवत नाही. परंतु पुस्तिका पुढच्या पिढीपर्यंत गेली की घोटाळा होतो. एएमडीच्याच ॲथलॉन एक्सपी २५००+ या प्रोसेसरच्या बार्टन आवृत्तीची बस १६६ मेगाहर्ट्झवर चालते. वारंवारता म्हणजे सेकंदाला पडणारे ठेके; प्रत्येक ठेक्याला ती दोनदा माहिती नेते, म्हणून जाहिरातीत तिचा ‘वेग’ ३३३ असा दिला जाई. गुणक ११ आहे. वाचकाने ३३३ ला ११ ने गुणले तर ३६६३ येतील, आणि प्रोसेसर तर १८३३ वर चालतो. सुरुवातीच्या पेंटियम ४ मध्ये एका ठेक्याला माहितीच्या चार फेऱ्या होत, म्हणून १०० ची बस ४०० म्हणून विकली गेली. गुणक लागतो तो ठेक्यांना, फेऱ्यांना नव्हे, आणि हा भेद ‘वेग’ या शब्दात मावत नाही.

‘बस’ हा शब्द तसाच राहू द्यावा. रस्त्यावरची बस आणि ही बस दोन्ही ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दातून आल्या आहेत, आणि प्रोसेसर, मेमरी व इतर भाग ज्या तारा सामायिक वापरतात त्यांना तो शोभतो.

प्रश्नकर्ता

तक्त्याची ओळ आता अशी लिहिली आहे: ‘बसची वारंवारता ६६, छापील खूण १.५, प्रत्यक्ष गुणक साडेतीन, प्रोसेसर २३३. जम्पर हलवण्यापूर्वी वीजपुरवठ्याची वायर काढावी.’